चौथं चाक टेकत नाही: दोन-तीन किट जोडून केलेल्या ड्रॅग कारची नेहमीची तक्रार

प्लॅस्टिकचे किट जोडून ड्रॅग कारचं, म्हणजे सरळ रेषेत शर्यत धावणाऱ्या गाडीचं, छोटं मॉडेल करायचं आहे. एका किटची बॉडी, दुसऱ्याची चेसिस (खालचा सांगाडा), तिसऱ्याचं इंजिन आणि सुट्ट्या भागांच्या डब्यातले मागचे रुंद स्लिक (नक्षी नसलेले शर्यतीचे टायर). रंग झाला, डेकल बसले, गाडी टेबलावर ठेवली आणि पुढचं डावं चाक हवेत. ते दाबलं की टेकतं, पण तिरप्या कोपऱ्यातलं मागचं उजवं उचलतं. मग टायर घासले जातात, एक्सल वाकवला जातो, फेवीक्विक ओतलं जातं. आधी गाडी नुसती डगमगत होती, आता वाकडीही दिसू लागते.

एकाच किटमधून बनवलेल्या गाडीत हा दोष कमी येतो, कारण मापांचा मेळ साचा बनवणाऱ्याने घातलेला असतो. किट एकत्र केले की तो मेळ आपल्याला घालावा लागतो, आणि बहुतेक जण क्रमच उलटा धरतात. चेसिस पूर्ण करतात, तिच्यावर बॉडी दाबून बसवतात आणि चाकं शेवटी येतील तिथे येऊ देतात. ड्रॅग कारमध्ये चाकांचे चार बिंदू आणि बॉडीची उंची आधी पक्की करायची. चेसिस या दोन्हींच्या मधे बसवायची वस्तू आहे. ती कापली, वाढवली, घासली तरी चालते. तयार गाडीची दुरुस्ती असो की नवी जुळणी, खालचं सगळं याच क्रमाने आहे.

दोष नेमका कुठे आहे

आधी सपाट जागा हवी. सनमायकाचं टेबल सपाट नसतं, शहाबादी फरशी तर नाहीच. काचवाल्याकडून ५ किंवा ६ मिमी जाडीच्या काचेचा साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा उरलेला तुकडा घ्या आणि कडा घासून आणा. ओट्याच्या ग्रॅनाइटचा पॉलिश केलेला तुकडाही चालतो. स्टीलची पट्टी आडवी कडेवर उभी धरून मागून उजेड येतो का ते बघा.

गाडी काचेवर ठेवा आणि कोणतं चाक उचललंय ते बघा. मग गाडी काटकोनात फिरवून पुन्हा ठेवा. आता दुसरंच चाक उचललेलं दिसलं तर दोष काचेखालच्या टेबलात आहे, गाडीत नाही. तेच चाक राहिलं तर फट मोजा. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. त्याच्या पट्ट्या एकेक करून उचललेल्या टायरखाली सरकवा आणि अलगद अडकेपर्यंत किती गेल्या ते मोजा. पाच गेल्या तर फट ०.५ मिमी. हा आकडा लिहून ठेवा, पॅकिंग ठरवताना लागेल.

पुढची चाचणी सगळ्यात जास्त सांगून जाते. बॉडी उतरवा आणि नुसती चेसिस चाकांवर काचेवर ठेवा. चारही चाकं टेकली तर एक्सलना हात लावू नका. बॉडीच चेसिसला पिळते आहे. तरीही डगमगली तर दोष पुढे आहे की मागे, हे चाकांकडे बघून कळत नाही. तिरप्या जोडीतलं कोणतंही चाक दोषी दिसू शकतं, म्हणून तर लोक पुढचा एक्सल वाकवत बसतात आणि चूक मागे निघते. चेसिसचे दोन्ही लांब रेल (डाव्या-उजव्या बाजूचे मुख्य दांडे) सरळ भागात सारख्या उंचीच्या दोन ठोकळ्यांवर ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या. चेसिस ठोकळ्यांवरच डुलत असेल तर रेल पिळलेले आहेत. नसेल तर व्हर्नियरने काचेपासून प्रत्येक एक्सलच्या टोकाची उंची घ्या. ज्या जोडीत डाव्या-उजव्यात ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक, ती दोषी.

स्केलची गफलत

स्केल म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्शाचं आहे ते. किट कंपन्यांपैकी एएमटी आणि एमपीसीच्या अमेरिकन गाड्या मुख्यतः १/२५, मोनोग्रामच्या पुष्कळशा १/२४, तामिया आणि हासेगावाच्या गाड्या १/२४. रेव्हेलच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय काही धरून चालू नये. १९८६ मध्ये रेव्हेल आणि मोनोग्राम एका मालकीखाली आल्या आणि जुने मोनोग्रामचे साचे रेव्हेलच्या नावानेही विकले गेले, म्हणून एकाच नावाखाली दोन्ही स्केल मिळतात.

फरक ४ टक्क्यांचा, ऐकायला किरकोळ. मोजायला सोपी युक्ती अशी: १/२५ मध्ये खऱ्या गाडीचा १ इंच म्हणजे १.०१६ मिमी, १/२४ मध्ये १.०५८ मिमी. १९५५ च्या शेव्हरलेचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) ११५ इंच. १/२५ मध्ये तो ११६.८ मिमी येतो आणि १/२४ मध्ये १२१.७ मिमी. जवळजवळ ५ मिमीचा फरक म्हणजे मागचं चाक आर्चच्या (बॉडीतल्या चाकावरच्या कमानीच्या) मधोमध न येता कडेला जाऊन बसतं. १९६९ च्या कॅमॅरोचा व्हीलबेस १०८ इंच, म्हणजे १०९.७ किंवा ११४.३ मिमी. रुंदीतही हाच फरक पडतो: ७५ मिमी रुंद बॉडीखाली १/२४ ची चेसिस ३ मिमीने जास्त रुंद भरते. हे ३ मिमी दोन्ही बाजूंनी बॉडीला आतून ढकलतात, आणि चाक उचलण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

पण स्केलचा फार धसका घेऊ नका. २० मिमी लांब इंजिन ब्लॉकमध्ये ४ टक्के म्हणजे ०.८ मिमी, डोळ्याला कळत नाही. सीट, ब्लोअर (इंजिनात हवा कोंबणारा पंप), पॅराशूटची पिशवी, बॅटरी यांत बिनधास्त मिसळा. व्हीलबेस, रेलची रुंदी आणि डाव्या-उजव्या जोडीच्या कुठल्याही वस्तूत मिसळू नका. डावा हेडर (इंजिनाच्या धुराच्या नळ्यांचा संच) एका किटचा आणि उजवा दुसऱ्याचा लावलेल्या गाड्या दिसतात. इंजिन कलंडल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

कॉपीवरून कॉपी काढलेल्या रेझिन बॉड्या किंचित आकसलेल्या असतात. खोक्यावर १/२५ लिहिलेलं असलं तरी व्हीलबेस आर्चच्या मध्यापासून मध्यापर्यंत स्वतः मोजा आणि तोच आकडा खरा धरा. बॉडी जे सांगेल ते ऐकायचं.

जिग

जिग म्हणजे जोडताना भाग ठरल्या जागी धरून ठेवणारी मांडणी. महागडं काही नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळणारा मिलिमीटरचा ग्राफ पेपर काचेवर चिकटवा. लांबीची मध्यरेषा काढा, तिच्यावर गुण्या लावून दोन आडव्या रेषा, अंतर तुमच्या बॉडीचा व्हीलबेस. चारही कोपऱ्यांचे कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर रेषा गुण्यात नाहीत, पुन्हा काढा. छापील ग्राफ पेपर कधीकधी एका दिशेने ताणलेला असतो, त्यामुळे चौकोनांवर विसंबू नका, पट्टीने मोजा.

आता उंची. ३३ इंच व्यासाचा मागचा स्लिक १/२५ मध्ये ३३.५ मिमी, म्हणजे एक्सलचा मध्य काचेपासून १६.८ मिमी. पुढचा २६ इंची बारीक टायर २६.४ मिमी, मध्य १३.२ मिमी. पण हे कागदावरचे आकडे झाले. हातातले टायर व्हर्नियरने मोजून निम्मं करा. एक्सलची निम्मी जाडी वजा करून जे उरेल त्या उंचीला एक्सलची खालची कड येईल असे चार ठोकळे पॉलिस्टायरीन (किटचंच प्लॅस्टिक) शीटच्या थरांनी बनवा, वर त्रिकोणी खाच पाडा आणि दुहेरी टेपने रेषांवर चिकटवा. यापुढे एक्सल चिकटवताना चाकं लावायचीच नाहीत, एक्सल या खाचांत बसवायचे.

शीट घेताना एक सांभाळा. आर्किटेक्चरची मॉडेलं करणाऱ्यांच्या दुकानात सनबोर्ड पुढे केला जातो. तो फेसाळ पीव्हीसी, पॉलिस्टायरीनच्या सिमेंटने (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाने) त्यावर भरवशाचा सांधा होत नाही. खात्री करायची तर तुकड्याच्या कडेला पातळ सिमेंटचा थेंब लावून नखाने दाबा. पॉलिस्टायरीन लगेच चिकट होऊन नखाचा ठसा घेतं.

बॉडी कशाच्याही आधाराने, अगदी काडेपेट्यांवर, हव्या त्या उंचीला जिगवर उभी करा. चाकं आर्चमध्ये कशी दिसतात ते बसून, डोळे काचेच्या पातळीला आणून बघा. स्टान्स, म्हणजे गाडीची उभी राहण्याची ढब, याच टप्प्यावर ठरतो, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे घालवण्यासारखा आहे. मागचा आर्च टायरच्या वरच्या कडेला झाकतो का, पुढे टायर आणि आर्चमध्ये किती फट राहते, दरवाजाखालची कड जमिनीला समांतर आहे की पुढे झुकलेली, हे आत्ता ठरवून उंचीचे आकडे लिहून ठेवा. पुढचं सगळं काम या आकड्यांच्या मागे जाईल.

चेसिस वाढवणं

समजा १०५ इंची व्हीलबेसची नळ्यांची चेसिस ११५ इंची शेव्हरलेखाली घालायची आहे. १/२५ मध्ये १०.२ मिमी वाढवावे लागतील. कापायची जागा फायरवॉल (इंजिनामागची भिंत) आणि मागच्या फोर-लिंकच्या (मागचा एक्सल धरणाऱ्या चार दांड्यांच्या) मधला सरळ भाग. पुढे कापलं तर इंजिनाचे माउंट आणि स्टिअरिंग हलतं, मागे कापलं तर एक्सलच हलतो. दोन्ही रेल एकाच रेषेत कापू नका, एकापेक्षा दुसरा काप पाच-सहा मिमी पुढे ठेवा, म्हणजे चेसिस त्या रेषेवर मोडत नाही. जोडतुकडा १०.२ मिमीचा, दोन्ही टोकांना ०.८ मिमीची पितळी तार, प्रत्येक बाजूला ४ मिमी आत. पुण्याच्या बोहरी आळीत पितळी तार, बारीक ड्रिल आणि सुईकानस एकाच फेरीत मिळतात. भोक पाडताना पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरायची मूठ) हातानेच फिरवा. मोटरवर प्लॅस्टिक वितळून भोक सैल होतं.

प्रोपेलर शाफ्टही तेवढाच वाढवायचा असतो. हे हमखास विसरलं जातं. मग शाफ्ट कसाबसा बसवताना मागचा एक्सल पुढे ओढला जातो आणि गाडी पुन्हा तिरकी.

केज (चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) बसवताना चेसिस जिगवर दाबून धरलेली हवी. खरा १ ५/८ इंची पाइप १/२५ मध्ये १.६५ मिमी येतो, म्हणजे १.६ मिमीचा पॉलिस्टायरीन रॉड जवळजवळ अचूक. थंड रॉड जबरदस्तीने वाकवून चिकटवला की तो आठवडाभर सरळ व्हायला बघत राहतो आणि चेसिसला पीळ देतो. गरम पाण्यात धरून आधी वाकवा, आकार टिकतो का ते बघा, मगच चिकटवा. सिमेंट ब्रशच्या टोकाने, सांध्याला टेकवण्यापुरतं. जास्त पडलं तर बारीक रॉड आतून मऊ राहतो आणि दुसऱ्या दिवशी खचतो. सगळी केज लावून झाल्यावर २४ तास चेसिस जिगवरून उचलू नका.

पीळ पडलेलाच असेल तर तो पाण्याने काढता येतो. पॉलिस्टायरीन साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पूर्ण मऊ होतं, म्हणून उकळतं पाणी नको. पातळ नळ्या शेवयांसारख्या होतात. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, चेसिस वीस-तीस सेकंद बुडवा, काढून काचेवर सपाट दाबा आणि तशीच धरून गार पाणी ओता. एका फेरीत पूर्ण सुटत नाही. दोन-तीन वेळा करा, प्रत्येक वेळी पीळ थोडा उलट्या बाजूला नेऊन. रेझिनची बॉडीही अशीच सरळ होते, आणि रेझिन त्याहून कमी गरम पाण्यातच मऊ पडतं.

मे महिन्यात प्रायमर मारलेले भाग गच्चीवर उन्हात वाळवायला ठेवायची सवय इथे अनेकांना असते. काळा किंवा करडा भाग उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. पीळ नेमका तिथे पडतो आणि दोष रंगावर जातो. सावलीत, पंख्याच्या झोतापासून लांब ठेवा.

मागचा एक्सल हाच पाया

मागच्या दोन्ही चाकांसाठी वेगवेगळे खुंटे नकोत. एक सरळ पोलादी सळई आरपार घाला. सायकलच्या दुकानातला १४ गेजचा स्पोक साधारण २ मिमी असतो, मोजून घ्या. काचेवर लोटून बघा. उड्या मारत गेला तर वाकडा आहे, दुसरा घ्या. एक्सल हाउसिंग आरपार कोरा, दोन्ही बाजूंनी मध्याकडे. सळई हाउसिंगमध्ये अजून चिकटवू नका, ती जिगच्या खाचांत बसवा आणि हाउसिंग तिच्याभोवती येऊ द्या. आता दोन्ही मागची चाकं एका रेषेत येणारच, आणि फक्त पुढचा भाग जुळवायचा उरतो. ही एक गोष्ट केली तरी बरीच डोकेदुखी संपते.

रुंदीचा हिशेब आधी. समजा आर्चजवळ बॉडीची आतली रुंदी ७० मिमी भरली. दोन्हीकडे १ मिमी मोकळं सोडलं की ६८ उरले. १७ इंची रुंद स्लिक म्हणजे १७.३ मिमी, दोन मिळून ३४.६. टायरच्या आतल्या बाजूंमध्ये ३३.४ मिमी राहिले. त्यात टबच्या (मागच्या टायरभोवतीच्या आतल्या खोक्याच्या) भिंती ०.५ मिमीच्या दोन आणि टायर-टबमध्ये दोन्हीकडे १ मिमी धरली की रेलना सुमारे ३० मिमी मिळतात. किटमधले रेल ३६ असतील तर मागच्या भागात ते आत घ्यावेच लागतील. हा हिशेब न करता टायर आत कोंबला की तो टबला टेकून वर उचलला जातो, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं एक्सल वाकडा आहे. रंगाचा थरही धरा. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून एका पृष्ठावर ०.१ मिमी सहज होतं, आणि आर्चच्या आत फवारा साचतो.

एक सूचना, शैलीबद्दल. साठच्या दशकातला गॅसर (रस्त्यावरच्या गाडीची केलेली जुनी ड्रॅग कार) करायचा असेल तर १७ इंची स्लिक आणि नळ्यांची चेसिस दोन्ही चुकीच्या काळातले. तिथे साधारण १० इंची स्लिक, मूळ रेल आणि पुढे सरळ एक्सल. किट मिसळताना स्केलइतकाच काळही बघा.

पुढचं चाक खाली आणणं

गॅसरच्या सरळ एक्सलमध्ये पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एक्सलच्या वर बसतात, त्यामुळे काम सोपं आहे. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पॅकिंग घातलं की त्या बाजूचं चाक खाली येतं. किती घालायचं, इथे लोक चुकतात. दोन पाट्यांमधलं अंतर २८ मिमी आणि चाकांमधलं ६० मिमी असेल, तर डावीकडे ०.२५ मिमी पॅकिंग घातल्यावर डावं चाक सुमारे ०.४ मिमी खाली जातं आणि उजवं ०.१४ मिमी वर येतं. एकूण परिणाम ०.५४ मिमी. म्हणजे कागदाच्या पट्ट्यांनी ०.५ मिमी फट दाखवली असेल तर ०.२५ ची एकच पट्टी पुरते. फटीइतकंच पॅकिंग घातलं की दुप्पट होतं आणि मग दुसरं चाक उचलतं.

नळ्यांच्या चेसिसला पुढे सरळ एक्सल नसतो, दोन स्वतंत्र स्ट्रट (उभे स्प्रिंग-खांब) असतात. तिथे स्पिंडलची (चाक ज्यावर बसतं त्या खुंट्याची) उंचीच बदलावी लागते. किटचा प्लॅस्टिकचा खुंटा कापून टाका. औषधाच्या दुकानातून १८ गेजची नवी सुई घ्या. बाहेरचा व्यास १.२७ मिमी, आतून ०.८ मिमीची तार नेमकी सरकते. टोक आधी रोटरी टूलच्या चकतीने कापून टाका, चष्मा घालून, आणि कापलेलं टोक कागदात गुंडाळून बाटलीत टाका. अपराइटमध्ये (स्पिंडल धरणाऱ्या उभ्या भागात) १.४ मिमीचं भोक पाडा, नळी त्यात सैल ठेवा, तार जिगच्या पुढच्या खाचांत आडवी ठेवून दोन्ही नळ्यांतून एकदमच ओवा आणि मग एरल्डाइट भरा. फेवीक्विक इथे नको. ते क्षणात धरतं आणि सुधारायला वेळच देत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत तर आणखीच पटकन. एरल्डाइट घट्ट झाल्यावर मधली तार कापा. दोन्ही स्पिंडल एकाच तारेवर बसलेले असल्याने उंची आणि कोन दोन्ही सारखे येतात.

टायर खालून घासून सपाट करणं हे या कामाचं औषध नव्हे. वजनाने दबलेला दिसावा म्हणून स्लिक खालून दीड-दोन मिमी रुंद घासतात ते ठीक, पण चारही चाकं टेकल्यावर. त्याआधी घासणं म्हणजे हॉटेलातल्या डुगडुगत्या टेबलाखाली कागदाची घडी सारण्यासारखं.

बॉडी पिळत असेल तर

नुसती चेसिस चार चाकांवर उभी राहते आणि बॉडी बसवल्यावर डगमगते, अशी स्थिती असेल तर कसोटी सोपी आहे. बॉडी चेसिसवर सोडा, दाबू नका. ती स्वतःच्या वजनाने ठरलेल्या उंचीला बसायला हवी. बसवायला बोटांचा जोर किंवा रबरबँड लागत असेल तर कुठेतरी अडतंय. अडण्याच्या जागा ठरलेल्या: केजचा वरचा बार छताला, टबच्या वरच्या कडा मागच्या खिडकीच्या पट्टीला, रेडिएटरचा आधार पुढच्या पॅनलला, आणि दोन किटच्या चेसिसमध्ये फ्लोअरची बाहेरची कड दरवाजाखालच्या पट्टीला. बॉडीच्या आतल्या बाजूला साधा खडू घासा, बॉडी बसवून काढा. जिथे पांढरं उमटलं तिथे अडतंय. केज कापायला धीर होत नाही म्हणून लोक बॉडी पातळ करतात. कापायची केजच, छत पातळ केलं की उन्हाळ्यात तेच आधी खाली बसतं.

बॉडीला धरून ठेवायला चार खांब नकोत, तीन पुरे. मागे दोन, पुढे एक मधोमध. तीन बिंदूंवर ठेवलेली वस्तू पिळत नाही. खांबांना ३ बाय १ मिमीचे चुंबक लावले तर बॉडी हवी तेव्हा उचलून इंजिन दाखवता येतं. चुंबक फेवीक्विकने नव्हे, एरल्डाइटने.

इंजिन आणि बॉनेट

हा वेगळा दोष वाटतो, पण मुळात उंचीचाच प्रश्न. ब्लोअर बॉनेटमधून बाहेर काढताना इंजिन खाली ढकललं जातं, तेलाची टाकी पुढच्या क्रॉसमेंबरला टेकते आणि चेसिस पुढे उचलली जाते. एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग शर्यत संघटनेच्या जुन्या गॅस वर्गात (गॅसर त्यातलेच) क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, मध्य जमिनीपासून २४ इंचांपेक्षा वर नको आणि इंजिन व्हीलबेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त मागे नको, असे नियम होते. १/२५ मध्ये क्रँक २४.४ मिमीवर, आणि ११५ इंची गाडीत मागे सरकवणं ११.७ मिमीपर्यंत. या मर्यादेत इंजिन ब्लू टॅकवर (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्यावर) उभं करून आधी बॉनेटचं भोक कापा, इंजिन नंतर चिकटवा.

शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉक इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज वाटणारा भाग) मागे असतो, फायरवॉलला तोच आधी धडकतो. फायरवॉलला खळगा करा. क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाचा पुढे असतो, त्यामुळे ती मागे सरकवायला सोपी जाते. एकाच्या ब्लॉकवर दुसऱ्याचा डिस्ट्रिब्युटर लावलेला जाणकाराला पहिल्या नजरेत दिसतो.

क्रोमचे भाग चिकटवताना सांध्यावरचा मुलामा खरवडल्याशिवाय सिमेंट धरत नाही. पूर्ण काढायचा असेल तर घरातलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, भाग बुडेल इतकं घेऊन रात्रभर ठेवा. खिडकी उघडी हवी आणि त्यात दुसरं कुठलंही द्रव मिसळायचं नाही, ॲसिड तर अजिबात नाही. सस्पेन्शनचे भाग क्रोमचे असतील तर हे कराच. मुलाम्यावर चिकटवलेला फोर-लिंक वर्षभराने अलगद सुटतो आणि मागचा कोपरा बसतो.

काही महिन्यांनी बसणारी गाडी

बनवताना सरळ होती, कपाटात ठेवली, आणि सहा महिन्यांनी एका बाजूला झुकली. इथे दोष बहुधा टायरचा. जुन्या किटच्या मऊ व्हिनाइल टायरमधला प्लॅस्टिसायझर (मऊपणा देणारं रसायन) पॉलिस्टायरीनला हळूहळू वितळवतो. रिम आतून चिकट होते, टायर तिच्यात रुतत जातो. टायर काढून रिमवर बोट फिरवा. चिकट किंवा खळगे पडलेली असेल तर ती रिम टाकून द्या, घासून उपयोग नाही. नव्या रिमच्या कडेला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा, मग टायर चढवा. नुसता रंग पुरेसा अडसर ठरत नाही, कारण प्लॅस्टिसायझर रंगही मऊ करतो.

हाच टायर शोकेसच्या पॉलिस्टायरीनच्या किंवा रंगवलेल्या बुडावरही डाग पाडतो. शोकेसमध्ये ठेवताना दोन्ही एक्सलखाली असा ठोकळा द्या की टायर बुडाला टेकल्यासारखे दिसतील पण भार ठोकळ्यावर राहील. एका कागदाची फट ठेवली तर बघणाऱ्याला कळतही नाही. गाडी बुडाला पक्की करायची असेल तर स्क्रू रेलच्या सरळ भागात, मागच्या एक्सलच्या थोडा पुढे, एकच, आणि हाताने हलकासा आवळलेला. दोन स्क्रू वेगवेगळ्या कोपऱ्यांकडे ओढून आवळले की जिगवर मिळवलेली सरळ चेसिस तिथेच पुन्हा पिळते.